तांबं-अ‍ॅल्युमिनियमची शिवण बिस्किटासारखी का मोडते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. साकीनाक्याला तुमचा गाळा आहे, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन) आहे, बसबारची, म्हणजे पॅनेलमधून वीज नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची, कामं करता. एका पॅनेलवाल्याला ३ मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची आणि तांब्याची पट्टी कडेला कड लावून जोडून हवी आहे. ती एफएसडब्ल्यूने (फ्रिक्शन स्टर वेल्डिंग, म्हणजे फिरत्या पिनने धातू ढवळून जोडणं) जोडायला तुम्ही एच-१३ पोलादाचं टूल करून घेतलं, ५ मिमीच्या पिनवर साध्या डायने आटे पाडले, पिन बरोबर जोडाच्या रेषेवर धरली आणि स्पिंडल नेहमीसारखा सुलटा फिरवून १२०० आरपीएम, ४० मिमी प्रति मिनिट फीडने ३०० मिमीची शिवण मारली. मग ती आडवी कापून ५० मिमी रुंदीचे तुकडे केले. वरून शिवण चकचकीत, कडेला फ्लॅश, म्हणजे बाहेर सांडलेला धातू, मात्र भरपूर. व्हाइसमध्ये धरून वाकवल्यावर सुरुवातीचे एक-दोन तुकडे थोडेफार वाकले, पुढचे सगळे कटकन मोडले. आणि तुम्ही विचारलंय एवढंच, की आरपीएम किती ठेवू?

आरपीएमचा आकडा मी देते, पण खाली. तो आत्ताच दिला तर तुम्ही तो लावाल, पट्टी पुन्हा मोडेल आणि ही पद्धतच तांब्याला चालत नाही असं तुमचं मत होईल. मी बावीस वर्षं जोडकामात आहे, त्यातली शेवटची अकरा बहुतेक याच कामात, भांडुपच्या एका छोट्या शॉपमध्ये. माझ्या अनुभवात तांबं-अ‍ॅल्युमिनियमचा जोड आरपीएममुळे बिघडतो त्याहून जास्त वेळा पिन कुठे आहे, तांबं कोणत्या बाजूला आहे आणि आटे कोणत्या हाताचे आहेत यामुळे बिघडतो. तुमच्या वर्णनात पिन आणि आटे या दोन्ही ठिकाणी खूण दिसते, तांब्याची बाजू तुम्ही लिहिलेलीच नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुमचं अ‍ॅल्युमिनियम १०५० ग्रेडचं आहे की ६०६३ की ६१०१, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तांबं अर्धकडक पट्टी आहे की नरम, तेही नाही. कीका स्ट्रीटवरून पट्टी आणताना आपण जाडी आणि भाव बघतो, टेंपर, म्हणजे कडकपणा, विचारायचं राहून जातं. माझे आकडे १०५० अर्धकडक आणि साधं इलेक्ट्रिकल तांबं धरून आहेत. माल वेगळा असेल तर आकडे सरकतील, कारणं तीच राहतील.

आधी पट्टी का मोडते ते बघू. एफएसडब्ल्यूची ही रीत १९९१ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआय या वेल्डिंग संस्थेत निघाली. ती गाजली अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅल्युमिनियम जोडण्यासाठी: रेल्वेचे डबे, जहाजांचे पत्रे, रॉकेटच्या टाक्या. तिथे धातू वितळत नाही, कणकेसारखा मऊ होतो आणि पिन तो मळून एकजीव करते. आपल्याकडे दोन वेगळे धातू आहेत. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं १०८५ ला. मऊ व्हायची वेळच दोघांची वेगळी. पण खरी अडचण याहून आतली आहे. हे दोघं एकमेकांत मिसळले की ५४८ अंशांनाच द्रव व्हायला लागतात. म्हणजे दोन्ही धातू एकेकटे घट्ट असताना, त्यांच्या शिवेवर मात्र पातळ रस तयार होऊ शकतो.

तेवढं तापमान गाठलं नाही तरी शिवेवर अणूंची देवाणघेवाण चालूच असते. त्यातून नवीन संयुगं बनतात. अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूला एका तांब्यामागे दोन अ‍ॅल्युमिनियम असं एक, तांब्याच्या बाजूला नऊ तांब्यांमागे चार अ‍ॅल्युमिनियम असं दुसरं. लॅबमध्ये यांना आयएमसी (इंटरमेटॅलिक कंपाउंड) म्हणतात. ही संयुगं कडक आणि ठिसूळ, जवळपास काचेच्या जातीची. हा थर लागतोच. तो अजिबात नसेल तर जोडच बसलेला नाही. पण तो एक-दोन मायक्रॉनचा आणि सलग असावा. पाचच्या पुढे गेला की जोडाची ताकद त्या थराच्या हातात जाते. साखरेच्या पाकासारखं आहे हे. एकतारीचा पाक हवा असतो, आच थोडी जास्त झाली किंवा अर्धं मिनिट जास्त गेलं की त्याची चिक्की होते, आणि चिक्की वाकत नाही. थराची वाढ तापमानाबरोबर झपाट्याने होते आणि वेळेबरोबर त्या मानाने हळू. म्हणून तुमच्या ३०० मिमीच्या शिवणीत सुरुवातीचे तुकडे वाकले आणि नंतरचे मोडले, ही तुम्ही दिलेली सगळ्यात मोलाची माहिती आहे. टूल पुढे गेलं तसतशी पट्टी, खालची प्लेट आणि टूल स्वतः तापत गेलं, आणि त्याच आरपीएमवर शेवटची शिवण सुरुवातीपेक्षा बऱ्याच जास्त उष्णतेत बसली.

मोडलेले तुकडे फेकले नसतील तर आत्ता हातात घ्या. खिडकीजवळ जा आणि तांब्याच्या बाजूचा तुटलेला चेहरा बघा. तिथे तांबं लालच दिसत असेल, अगदी मिलिंगच्या खुणांसकट, तर तिथे जोड कधी लागलाच नव्हता. उष्णता किंवा दाब कमी पडला, नाहीतर पिन पोचली नाही. तांब्यावर करड्या चंदेरी रंगाची पातळ साय बसलेली असेल, नखाने खरवडून न निघणारी, पाटीच्या पेन्सिलीसारखी मंद, तर जोड लागला होता आणि त्या ठिसूळ थरातूनच फुटला. तिथे उष्णता जास्त झाली. आणि तांब्यावर अ‍ॅल्युमिनियमचे ओढून तुटलेले, बोटाला खरखरीत लागणारे लचके राहिले असतील तर तेवढ्या भागात तुमचं काम चांगलं झालंय. एकाच तुकड्यावर तिन्ही दिसू शकतात: वर करडं, मध्ये लचके, तळाला लाल. मला पहिल्या वर्षी हे कोणी सांगितलं नव्हतं. मी तुकडे मोजत बसायचे, किती मोडले आणि किती वाकले. आमच्या टर्नर काकांनी एकदा दोन तुकडे उन्हात शेजारी शेजारी धरले आणि म्हणाले, "ताई, हा न चिकटून सुटलाय, तो चिकटून तुटलाय. दोघांना एकच औषध कसं चालेल?" त्या दिवसापासून मी प्रत्येक मोडलेल्या तुकड्याचा फोटो आरपीएम-फीडच्या वहीत चिकटवते.

आता पिन कुठे ठेवायची. अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅल्युमिनियम जोडताना पिन रेषेच्या मध्यावर धरतात, ते बरोबर. इथे ती मध्यावर धरली की अर्धी पिन तांब्यात जाते. तांबं खरवडलं जातं, त्याचे मोठे तुकडे अ‍ॅल्युमिनियममध्ये विखुरतात आणि प्रत्येक तुकड्याभोवती ठिसूळ थराची स्वतःची कवची तयार होते. एका शिवेऐवजी शंभर शिवा झाल्या. म्हणून पिन अ‍ॅल्युमिनियमकडे सरकवायची. ५ मिमीच्या पिनची त्रिज्या अडीच मिमी. तिचा मध्य रेषेपासून २ मिमी अ‍ॅल्युमिनियममध्ये ठेवला की पिन तांब्याला फक्त अर्धा मिमी चाटून जाते. एवढं चाटणं पुरतं. तांब्याची ऑक्साइडची कातडी निघते, ताजा धातू उघडा पडतो आणि मऊ अ‍ॅल्युमिनियम त्यावर दाबलं जातं. अर्धा मिमी हा आकडा लहान आहे, त्यामुळे बाकीच्या चुका त्यात मावत नाहीत. डायल लावून फिरत्या पिनचा रनआउट (मध्यापासून होणारी डगमग) ०.०५ मिमीच्या आत आहे का ते बघा. पट्टीची कड कातरीवर कापलेली असेल तर ती मिलवर सरळ करून घ्या. दोन कडांमध्ये ०.१ मिमीचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) कुठेही जाता कामा नये.

दुसरी गोष्ट बाजूची. टूल फिरतंही आणि पुढेही सरकतं. ज्या बाजूला फिरण्याची दिशा आणि सरकण्याची दिशा एक असते ती अ‍ॅडव्हान्सिंग बाजू, जिथे उलट असते ती रिट्रीटिंग. कडक धातू, म्हणजे तांबं, अ‍ॅडव्हान्सिंग बाजूला ठेवायचं. उलट ठेवलं तर पिनमागे धातू नीट भरून येत नाही, आणि शिवणीच्या पोटात बोगदा किंवा वर चीर राहते. ओळखायचं असं: टूलच्या मागे उभं राहून, टूल जिकडे चाललंय तिकडे तोंड करा. वरून पाहता टूल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत असेल तर तुमच्या डाव्या हाताची बाजू अ‍ॅडव्हान्सिंग. उलटं फिरत असेल तर उजव्या हाताची. बहुतेक मशीनवर टूल जागेवर असतं आणि टेबल सरकतं, त्यामुळे डोळ्याला फसवणूक होते. टेबल उजवीकडे गेलं म्हणजे टूल पट्टीवर डावीकडे गेलं. मी अजूनही पहिल्या तुकड्यावर मार्करने बाण काढते.

हीच गोष्ट आट्यांना भिडते, आणि तुमचा फ्लॅश बहुधा इथून येतोय. साध्या डायने पडतात ते उजव्या हाताचे आटे. असं टूल सुलटं फिरवलं, म्हणजे एम-०३, की स्क्रू आत शिरायला बघतो. पण तुमचं टूल उंचीला बांधलेलं आहे, म्हणून ते शिरण्याऐवजी धातूलाच वर खेचतं. मऊ झालेलं अ‍ॅल्युमिनियम तळातून वर येतं आणि शोल्डरच्या, म्हणजे पिनच्या वरच्या रुंद तोंडाच्या, कडेने बाहेर पडतं. तळाशी माल कमी पडतो, वर फ्लॅश होतो. आपल्याला धातू खाली दाबायचाय. त्याला दोन रस्ते: डाव्या हाताचे आटे पाडून सुलटं फिरवा, किंवा आहे तेच टूल एम-०४ ने उलटं फिरवा. उलटं फिरवणार असाल तर अ‍ॅडव्हान्सिंग बाजू बदलली हे विसरू नका, तांबं उजवीकडे आणावं लागेल. टूल होल्डर साइड-लॉकचा, शँकवर सपाटी करून स्क्रूने दाबणारा घ्या. मी शेवटी डाव्या आट्यांचं टूल करून घेतलं, कारण शॉपमधल्या प्रत्येकाला उलटं फिरवायचं लक्षात राहत नाही.

शोल्डरचं सांगायचं तर, व्हीएमसीचं डोकं तिरकं होत नाही. साधा, मधून किंचित खोलगट शोल्डर असेल तर टूलला मागे दोन-अडीच अंश झुकाव लागतो, म्हणजे शोल्डरची मागची कड धातूवर इस्त्रीसारखी दाब देते. सरळ उभ्या टूलने तो दाब मिळत नाही. तुमच्याकडे दोन पर्याय आहेत. फिक्स्चरच लांबीच्या दिशेने दोन अंशांच्या पाचरीवर बसवा आणि प्रोग्रॅममध्ये झेड (टूलची उंची) त्याप्रमाणे सरकवा, किंवा शोल्डरच्या तोंडावर गोगलगायीच्या शंखासारखी चर काढलेलं टूल करून घ्या, ते सरळ उभं चालतं. ३ मिमीला १५ मिमीचा शोल्डर पुरे. पिन २.८ मिमी लांब ठेवा आणि शोल्डर ०.१ मिमी धातूत बसू द्या. पिन आखूड राहिली तर तळाला दोन कडा नुसत्या एकमेकींना टेकलेल्या राहतात, बाहेरून जोडल्यासारख्या दिसतात आणि तिथूनच चीर सुरू होते. एच-१३ तुमच्या कामाला चालेल, कारण पिनचा बहुतेक वेळ अ‍ॅल्युमिनियममध्ये जातो. हार्डनिंग करून ५० रॉकवेलच्या आसपास घ्या. नुसतं तांबं ते तांबं करायचं असतं तर टंगस्टन कार्बाइड किंवा टंगस्टनच्या मिश्रधातूकडे जा म्हटलं असतं.

आता आकडा. वरच्या तिन्ही गोष्टी सुधारल्यावर ८०० आरपीएम आणि ८० मिमी प्रति मिनिट इथून सुरू करा. म्हणजे एका फेऱ्याला ०.१ मिमी पुढे. तुम्ही १२०० आणि ४० वर होतात, म्हणजे एका फेऱ्याला जेमतेम ०.०३ मिमी, टूल एकाच जागी तिप्पट घासत होतं. पुढे बदल करताना एका वेळी एकच बदला, आणि शक्यतो फीड बदला. तुटलेला चेहरा करडा आला तर फीड १०० करा, मग १२०. लाल आला तर फीड ६० करा, किंवा टूल शिरल्यावर थांबण्याचा वेळ वाढवा. मी साधारण आठ सेकंद थांबते. फीड वाढवता वाढवता पोटात बोगदा दिसायला लागला की तुमची वरची मर्यादा कळली. ६०० ते १००० आरपीएमच्या पट्ट्यात तुमचं उत्तर सापडायला हवं. त्याच्या बाहेर जायची वेळ आली तर आरपीएम सोडा आणि क्लॅम्पिंग तपासा.

उष्णता साठण्यावर इलाज साधा आहे. पट्टीखाली २० मिमी जाडीची माइल्ड स्टीलची प्लेट ठेवा. दोन शिवणींमध्ये ती हात ठेवता येईल इतकी निवू द्या. टूलच्या मागे दाबाच्या हवेची नळी लावा. सुरुवातीचे २० आणि शेवटचे २० मिमी भंगारात टाकायचेच असं धरून पट्टी लांब घ्या. शेवटी पिन बाहेर काढल्यावर राहणारं भोकही त्यातच जातं. आणि तपासणीचे तुकडे सुरुवात, मध्य, शेवट अशा तिन्ही ठिकाणांहून घ्या. मधला एकच तुकडा चांगला दाखवून ऑर्डर घेऊ नका.

मशीनबद्दल एक काळजीची सूचना. ३ मिमीच्या शिवणीलाही टूलवर शेकडो किलोंचा उभा दाब येतो. व्हीएमसीचे स्पिंडल बेअरिंग कटिंगच्या भारासाठी असतात, मिनिटामागून मिनिट असा खाली दाबून धरण्यासाठी नव्हेत. दहा-वीस प्रयोग निभावतील, रोजचं उत्पादन नाही. हे काम टिकणार असं दिसलं तर जुनी, जाड स्पिंडलची उभी मिलिंग मशीन बघा, जिचं डोकं तिरकं होतं. मी तशाच मशीनवर काम करते. तुमचं व्हीएमसी तुमच्या बाकीच्या धंद्याचं पोट आहे, ते जपा.

तपासणीवर जरा थांबते, कारण मला सगळ्यात मोठा फटका इथे बसला. काही वर्षांपूर्वी एका पॅनेल कंपनीला आम्ही ऐंशी पट्ट्या दिल्या. प्रत्येकीचा रेझिस्टन्स मायक्रो-ओहममीटरवर मोजून, आकडा लिहून. सगळे आकडे सुंदर. त्यांच्या फिटरने पट्ट्या बसवताना बोल्ट आवळले आणि अकरा पट्ट्या जोडावर चिरल्या. मला समजेना, विजेला चांगला असलेला जोड हाताला वाईट कसा. मग कागदावर हिशेब मांडला, तो तुम्हालाही करून दाखवते.

तुमची पट्टी ५० बाय ३, म्हणजे १५० चौरस मिमी. जोडाच्या दोन्ही बाजूंना १००-१०० मिमीवर प्रोब लावले तर तांब्याचे साडेअकरा आणि अ‍ॅल्युमिनियमचे जवळपास एकोणीस, मिळून ३० मायक्रो-ओहम नुसत्या धातूचेच येतात. पाच मायक्रॉनचा ठिसूळ थर त्यात किती भर घालतो? मायक्रो-ओहमचे काही हजारांश. तुमच्या मीटरला तो दिसणारच नाही. पोटातला १ मिमीचा बोगदासुद्धा ३० मध्ये हरवून जातो. मीटर खोटं बोलत नव्हतं, मी त्याला चुकीचा प्रश्न विचारत होते. ठिसूळ थर वीज उत्तम वाहतो, फुटेपर्यंत.

तेव्हापासून मी तीन गोष्टी करते. प्रोब जोडापासून दोन्हीकडे १० मिमीवरच टोचते. तिथे धातूचे मिळून ३ मायक्रो-ओहम यायला हवेत, आणि १०० अँपिअर सोडल्यावर साधारण ३०० मायक्रोव्होल्ट दिसले पाहिजेत. एवढ्या जवळून मोठी पोकळी किंवा न लागलेला तळ थोडा तरी उठून दिसतो. दुसरं, तीच पट्टी गरम-गार करून पुन्हा मोजते. अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला दहा लाखात २३ भाग वाढतं, तांबं १७. पट्टी ६० अंशांनी तापली तर ५० मिमीच्या रुंदीत दोघांच्या वाढीत १८ मायक्रॉनचा फरक पडतो, आणि तो फरक त्या दोन-पाच मायक्रॉनच्या थराला पेलावा लागतो. पन्नास फेऱ्यांनंतर आकडा हलला असेल तर आत चीर चालू झाली आहे.

तिसरं वाकवणं, पण वाकवण्यातही एक गफलत आहे. व्हाइसमध्ये तांबं धरून अ‍ॅल्युमिनियम ओढलं की मऊ अ‍ॅल्युमिनियमच वाकतं, जोडावर ताण येतच नाही आणि तुकडा पास झाल्यासारखा वाटतो. शिवण लांबीच्या दिशेने ठेवून, म्हणजे शिवण स्वतःच वाकेल अशी, गोल दांड्याभोवती वाकवा. एकदा वरचा चेहरा बाहेर, एकदा तळ बाहेर. तळ बाहेर ठेवल्यावर उघडलेली रेघ म्हणजे आखूड पिन.

आतलं बघायला मोठी लॅब लागतेच असं नाही. तुकडा आडवा कापा, पॉलिश पेपरवर १२०० पर्यंत घासा आणि मेटल पॉलिशने चमकवा. लाल आणि पांढरा धातू असल्यामुळे रसायनाशिवायही अर्धी गोष्ट दिसते: तांब्याचे मोठे बेट अ‍ॅल्युमिनियममध्ये तरंगताहेत का, बोगदा आहे का, तळ मिटलाय का. तांब्याची बाजू अधिक स्पष्ट हवी असेल तर लॅमिंग्टन रोडवर सर्किट बोर्डासाठी मिळणारं फेरिक क्लोराइड पातळ करून काही सेकंद लावा, हातमोजे घालून. थराची जाडी मायक्रॉनमध्ये हवी असेल तर मात्र मेटॅलर्जी लॅबकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी जा, आणि तो खर्च आरपीएम-फीड ठरल्यावरच करा.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न: हा जोड कडेला कड लावूनच हवा का? ग्राहकाला फोन करून एवढं विचारा. एकावर एक ठेवून चालणार असेल तर माझा कौल तिकडे आहे. अ‍ॅल्युमिनियम वर, तांबं खाली, पिन अ‍ॅल्युमिनियम पार करून तांब्यात जेमतेम ०.१ ते ०.२ मिमी शिरेल एवढी. तिथे २ मिमी सरकवण्याची नाजूक कसरत नाही, आणि शेजारी शेजारी दोन-तीन शिवणी मारून वीज जायला हवं तेवढं क्षेत्र मिळवता येतं. फक्त पिनच्या खोलीवर डोळा ठेवायचा. तांब्यात खोल गेली तर तांबं कडेने आकड्यासारखं वर येतं आणि अ‍ॅल्युमिनियमची जाडी खातं. आणि ग्राहकाला शंभरएक गोल लगच (केबलच्या टोकाला बसणारे जोडतुकडे) हवे असतील तर ही खटपट करू नका. घर्षणाने जोडलेले तयार बायमेटल लग लोहार चाळीत मिळतात, आणि ते त्या कामाला योग्य आहेत. सपाट, रुंद पट्टी हवी, जागा कमी आणि बोल्टचा सांधा नको, अशा ठिकाणी एफएसडब्ल्यूचं काम खरं कारणी लागतं. तुमची ऑर्डर तशीच वाटते, म्हणून एवढं लिहिलं.

पहिल्या दिवशी फक्त तीन शिवणी मारा. आहे तीच सेटिंग ठेवून पहिल्या शिवणीत नुसती पिन २ मिमी सरकवा आणि तांबं योग्य बाजूला आणा. दुसरीत आट्यांची दिशा दुरुस्त करा, फ्लॅश किती कमी झाला ते बघा. तिसरीत ८०० आणि ८०. प्रत्येकीचे तीन तुकडे मोडा आणि चेहरे शेजारी शेजारी लावा. कोणत्या बदलाने काय झालं हे तुमच्या डोळ्यांना दिसेल, आणि पुढच्या वेळी जाडी बदलली तर मला विचारावं लागणार नाही.

एक राहिलं, मुंबईची हवा. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आणि वर खारट ओल, म्हणजे छोटी बॅटरीच. त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम, आणि नेमकं शिवेलगत. ग्राहकाचं पॅनेल कुठे बसणार ते विचारा. एसी खोलीत असेल तर फार चिंता नाही. गच्चीवर, बेसमेंटमध्ये किंवा समुद्राच्या जवळ असेल तर शिवण झाकायलाच हवी: गोंदाचं अस्तर असलेली हीट-श्रिंक नळी, किंवा इपॉक्सी, शिवणीच्या दोन्हीकडे २०-२५ मिमीपर्यंत, आणि तळाची बाजू विसरायची नाही. झाकण्याआधी फ्लॅश पूर्ण काढा, त्याच्याखाली पाणी धरून राहतं. मी दर जूनमध्ये दोन तुकडे गाळ्याच्या खिडकीबाहेर तारेने टांगते, एक उघडा आणि एक झाकलेला. सप्टेंबरमध्ये उघड्या तुकड्यावर शिवणीलगत अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूला पांढऱ्या भुकटीची रेघ उमटलेली असते, आणि भुकटी ब्रशने काढली की खाली नख अडकेल एवढी खाच लागते. तुमचे पहिले चांगले तुकडे आले की त्यातले दोन असेच टांगा, आणि मोडलेल्यांपैकी तांब्याकडच्या चेहऱ्याचा एक फोटो मला पाठवा, उजेडात, जवळून काढलेला.